राखणदार कोणाचा? कोल्हापूरच्या पोलिसव्यवस्थेची दोनशे वर्षे

१/
जुलै १८४४. गडहिंग्लजजवळच्या सामानगडावरील गडकऱ्यांनी किल्ल्याचे दरवाजे आतून बंद केले. परमुलखातील कोणतेही सैन्य चालून आलेले नव्हते. ज्या राज्यासाठी पिढ्यानपिढ्या गडाची राखण केली, त्याच राज्याच्या कारभाऱ्यांना गडकऱ्यांनी वेशीबाहेर रोखले होते. वाद होता त्यांच्या पोटाच्या जमिनीचा.

राखणदार नेमायचा कोणी, पोसायचा कोणी आणि त्याने जबाब द्यायचा कोणाला? या तीन प्रश्नांचा कोल्हापूरच्या भूमीवरील हा इतिहास. 🧵

२/
आरंभ गावापासून करावा लागतो. पोलीस हा शब्द मराठीत येण्यापूर्वी गावचा बंदोबस्त पाटलाकडे असे. त्याच्या हाताखाली चावडीवर हजर राहणारा महार, दक्षिण महाराष्ट्रात ज्याला तराळ म्हणत, आणि रात्रीची गस्त घालणारा जागल्या. जागल्याचे काम मुलखानुसार रामोशी, बेरड, मांग किंवा भिल्ल करीत. यांपैकी कोणालाही सरकारी खजिन्यातून महिन्याचा पगार मिळत नसे. वतनाची जमीन आणि सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे धान्य हाच त्यांचा मोबदला.

३/
या व्यवस्थेचा सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे चोरीचा माग. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात याचे वर्णन आढळते. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढत जायचे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. पुढची जबाबदारी त्या गावाची. माग जिथे खुंटे, तिथल्या राखणदाराला, आणि अनेकदा साऱ्या गावालाच, नुकसान भरून द्यावे लागे.

४/
म्हणजे राखणदार गावाचा होता, त्याचा खर्च गावाच्या शेतातून निघत होता आणि त्याच्या अपयशाची भरपाईही गावच करीत होते. नेमणूक, खर्च आणि जबाबदारी ही तिन्ही सूत्रे एकाच शिवेच्या आत होती. एकोणिसाव्या शतकातील अनेक इंग्रज अधिकाऱ्यांना या स्वायत्ततेचे मोठे कौतुक वाटे.

५/
परंतु हे चित्र चावडीच्या ओट्यावरून पाहिलेले आहे. ओट्याखाली उभ्या असलेल्या माणसाचा अनुभव वेगळा होता. महाराची चाकरी दिवसाची आणि रात्रीचीही. सरकारी निरोप पोचवणे, आलेल्या अंमलदाराचे सामान वाहणे, बेवारस प्रेताजवळ रात्र जागवणे ही कामे जन्माने वाट्याला येत. घरातील कर्ता पुरुष गैरहजर असेल तर दुसऱ्या कोणाला जावे लागे. मोबदल्याची जमीन मात्र पिढीगणिक वाटण्या होऊन चतकोर उरलेली असे. गावाची सुरक्षा गावाला स्वस्त पडत होती, कारण तिची खरी किंमत काही ठरावीक जाती मोजत होत्या.

६/
गावाच्या वर होते किल्ले. पन्हाळा, पावनगड, विशाळगड, भुदरगड, सामानगड, रांगणा अशा किल्ल्यांवर वंशपरंपरागत गडकरी असत. किल्ल्याच्या चाकरीबद्दल त्यांना जमिनी तोडून दिलेल्या होत्या. याच मुलखात शेतसनदी हाही एक वर्ग होता. शेताची सनद घेऊन शिपाईगिरी करणारा, असा त्याचा शब्दशः अर्थ. लढाईच्या वेळी हत्यार, एरवी नांगर, आणि मधल्या काळात वसुलीची व बंदोबस्ताची कामे. लष्कर आणि पोलीस यांच्यातील आजची सीमारेषा तेव्हा अस्तित्वात नव्हती.

७/
यानंतर वरची पायरी बदलू लागली. इंग्रजांशी झालेल्या १८२७ च्या तहाने कोल्हापूरच्या राजाच्या फौजेवर ४०० स्वार आणि ८०० पायदळ अशी मर्यादा आली. १८२९ मध्ये कोल्हापूर आणि पन्हाळा येथे इंग्रजांचे शिबंदी सैन्य ठेवण्याचे ठरले आणि त्याचा खर्च दरबाराच्या माथी आला. सैन्य एकाच्या हुकमातले, पैसा दुसऱ्याच्या खजिन्यातला. सत्ता आणि खर्च यांची ही फारकत कोल्हापूरच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

८/
१८३८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ बुवासाहेब निवर्तले. वारस अल्पवयीन होता. काही वर्षांतच इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले आणि कारभाराची घडी नव्याने बसवण्यास आरंभ झाला. त्यात गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था किल्ल्यावरील अधिकाऱ्यांकडून काढून मामलेदारांकडे देण्यात आली. कागदावर हा केवळ हिशेबाचा बदल होता. गडकऱ्यांना मात्र त्यात आपल्या चाकरीचा आणि मानाचा शेवट दिसला.

९/
त्यांची भीती निराधार नव्हती. पुरंदरच्या परिसरातील रामोशांचे किल्ल्याच्या राखणीचे हक्क गेल्यानंतर काय घडले, हे साऱ्या मुलखाने पाहिले होते. उमाजी नाईकांचे बंड त्याच असंतोषातून पेटले आणि १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. कालपर्यंतचा राखणदार हक्क हिरावला जाताच सरकारदप्तरी दरोडेखोर ठरू शकतो, हा धडा अवघा बारा वर्षांपूर्वीचा होता.

१०/
सामानगडापाठोपाठ भुदरगड उठला. १३ ऑक्टोबर १८४४ रोजी इंग्रज फौजेने सामानगड हल्ला करून घेतला. तोवर ठिणगी कोल्हापूर शहरात पोचली होती. दाजी पंडितांना कैद झाली. सातारचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांना बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर ठेवले. १ डिसेंबरला पन्हाळा पडला. बंडाचे एक प्रमुख पुढारी बाबाजी आहेरेकर या लढाईत मारले गेले. तिकडे सावंतवाडीच्या बाजूला मनोहरगडाभोवतीही वणवा पसरला होता.

११/
बंड मोडल्यावर गडकऱ्यांची वंशपरंपरागत चाकरी संपुष्टात आली आणि किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली. आज पन्हाळ्यावर ढासळलेला तट दिसतो, तो सर्वस्वी काळाच्या ओघात ढासळलेला नाही. बंड मोडण्यासाठी झालेला खर्चही कोल्हापूर राज्यावर टाकण्यात आला. ज्या कारभारामुळे गडकरी उठले, तो कारभारी राज्याने निवडलेला नव्हता. कर्ज मात्र राज्याने फेडले.

१२/
याच सुमारास सिंधमध्ये एक नवा प्रयोग चालू होता. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यानंतर चार्ल्स नेपियरने आयर्लंडच्या कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर स्वतंत्र पोलीस दल उभे केले. हे दल पगारी, गणवेशधारी आणि सरकारच्या थेट हुकमातले होते. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांना तो नमुना पसंत पडला. १८५३ पासून मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस सुपरिंटेंडेंट नेमण्यात आले. पुढे १८६१ चा पोलीस कायदा आला.

१३/
येथे एक निवड झाली, तिचे परिणाम आजही जाणवतात. १८२९ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट पीलने उभारलेल्या दलाखेरीज इंग्लंडमधील बहुतेक पोलीस दले स्थानिक होती. शहरे आणि परगणे त्यांची व्यवस्था पाहत आणि खर्चाचा मोठा वाटा स्थानिक करांतून निघे. हिंदुस्थानात मात्र जिंकलेल्या आयर्लंडचा नमुना आणला गेला. जे स्थानिक नियंत्रण इंग्रजांनी मायदेशी जपले, ते त्यांनी येथे दिले नाही.

१४/
गावची राखण मात्र सरकारने मोडली नाही. ती फुकटात मिळत होती. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पाटलाच्या पोलीसकामाला कायद्याचे रूप दिले. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत चाकरीही कायद्यात बसवली. परिणामी गावचा राखणदार पूर्वीइतक्याच तुटपुंज्या मोबदल्यावर राबत राहिला. फरक एवढाच की त्याचा धनी आता गाव नव्हते. हुकूम कलेक्टर कचेरीतून येत होता.

१५/
खर्च लोकांवर टाकण्याचा आणखी एक प्रकार होता शिक्षेदाखलच्या पोलिसांचा. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरकारने शहरात जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांकडून वसूल केला. जुन्या काळीही गाव चोरीची भरपाई करीत असे, पण तेव्हा राखणदार गावाचा होता. पुणेकर मात्र त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी आलेल्या पोलिसांचे पैसे भरत होते.

१६/
कोल्हापूर संस्थानातील चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. राज्याच्या पोटात विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांसारख्या जहागिरी होत्या. त्यांचा आपापला कारभार होता. १८६२ च्या तहाने छत्रपतींना कारभाराचे अधिकार परत मिळाले, तरी मोठ्या जहागिरदारांवरील देखरेख इंग्रज सरकारने आपल्याकडे ठेवली. एकाच संस्थानात गाव, जहागीर, दरबार आणि रेसिडेंट अशा चार पायऱ्या निर्माण झाल्या.

१७/
२ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेणाऱ्या शाहू महाराजांना हा वारसा मिळाला. गावपातळीवर त्यांनी दोन बाजूंनी हात घातला. पहिली बाजू प्रशिक्षणाची. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या स्मृतीप्रीत्यर्थ कोल्हापुरात पाटील शाळा सुरू झाली. पाटीलकी जन्माने मिळत असली तरी तिचे काम शिकावे लागते, ही कल्पना त्या काळी नवी होती. कायदा न वाचलेला पाटील कुलकर्ण्याच्या लेखणीवर अवलंबून राहतो, हे महाराजांनी ओळखले होते.

१८/
दुसरी बाजू वतनाच्या मुळालाच हात घालणारी होती. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतन रद्द झाले. वतनाच्या जमिनी रयतावा करून देण्यात आल्या. यामुळे जमीन कसणाऱ्याची झाली आणि तिच्याबरोबर येणारी जन्माची वेठ सुटली. गावच्या राखणीची किंमत एका जातीने अंगावर झेलण्याचा प्रकार कोल्हापुरात कायद्याने थांबला.

१९/
तिसरा निर्णयही १९१८ चाच, हजेरी बंद करण्याचा. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींच्या माणसांना ठरलेल्या वेळी चावडीवर हजेरी द्यावी लागे. परगावी जायचे तर परवानगी घ्यावी लागे. ज्या जातींनी शतकानुशतके गस्त घातली, त्यांच्याच लेकरांवर आता गस्त घातली जात होती. शाहू महाराजांनी ही पद्धत मोडली. फासेपारधी समाजातील माणसांना तर त्यांनी राखणीच्या कामावर ठेवले. ज्यांना सरकार चोर म्हणत होते, त्यांच्यावर स्वतःच्या मालमत्तेची राखण सोपवली.

२०/
या निर्णयांचे मोल संस्थानच्या सीमेपलीकडे पाहिल्यावर कळते. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. सरकार ज्या माणसाकडून चोवीस तास काम घेते, त्याला सरकारनेच पगार द्यावा, असा त्यांच्या मागणीचा गाभा होता. ते विधेयक मंजूर होऊ शकले नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. कोल्हापूरनंतर चाळीस वर्षांनी. गुन्हेगार जमाती कायदाही देशात १९५२ पर्यंत टिकला.

२१/
दरम्यान वरच्या टोकाला आणखी एक दल जन्माला आले. संस्थानांमध्ये वाढत्या चळवळींना आवर घालण्यासाठी १९३९ मध्ये नीमच येथे क्राउन रिप्रेझेंटेटिव्हज पोलीस हे दल उभारण्यात आले. संस्थानिकाचे स्वतःचे पोलीस अपुरे पडले तर वरून कुमक पाठवता यावी, हा त्याचा हेतू. १९४९ मध्ये त्याला नवे नाव मिळाले, केंद्रीय राखीव पोलीस दल, म्हणजेच आजचे सीआरपीएफ. निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी गावात येणाऱ्या या दलाचे मूळ असे संस्थानी काळात आहे.

२२/
कोल्हापूरच्या दरबारी पोलिसांची शेवटची कसोटी लागली ती १९४८ मध्ये. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि शहरात जाळपोळ उसळली. ब्राह्मणांची घरे जळाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. नागरिकांचे रक्षण करण्यात संस्थानची यंत्रणा अपयशी ठरली. त्यानंतर भारत सरकारने कोल्हापूरवर प्रशासक नेमला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

२३/
विलीनीकरणाने दरबारी पोलीस मुंबई राज्याच्या दलाचा भाग झाले. १९५० च्या राज्यघटनेने पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यसूचीत ठेवले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने राज्यभर एकच चौकट आणली. त्यात शांततेला विशेष धोका असलेल्या भागात जादा पोलीस नेमून त्यांचा खर्च तेथील रहिवाशांवर बसवण्याची तरतूद राहिली. १८९७ च्या पुण्याची सावली स्वतंत्र भारताच्या कायद्यातही उरली होती.

२४/
गावाचे काय झाले? १९६२ च्या कायद्याने पाटलांची वंशपरंपरागत महसुली वतने संपली. १९६७ मध्ये, म्हणजे जुन्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, महाराष्ट्र ग्राम पोलीस कायदा आला. आजचा पोलीस पाटील जन्माने ठरत नाही. त्याने गावचा रहिवासी असावे लागते, परीक्षा द्यावी लागते आणि नेमणूक प्रांताधिकारी करतात. अनेक गावांत या पदावर महिला आहेत. २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांचे मानधन दरमहा ६,५०० वरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला.

२५/
जिल्ह्याच्या पातळीवर सूत्रे आणखी विखुरलेली आहेत. पोलीस अधीक्षक आयपीएस असेल तर त्याची निवड संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते, त्याची बदली मुंबईतून होते आणि पगार राज्याच्या तिजोरीतून मिळतो. आधुनिकीकरणासाठी केंद्राची योजना १९६९ पासून आहे. बहुतांश राज्यांत त्यातील केंद्राचा आणि राज्याचा वाटा ६०:४० असतो. वाहने आणि कॅमेरे यांसाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीचाही उपयोग होतो.

२६/
या साखळीत शहर कोठे आहे? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी दिली. त्यात अग्निशमन आहे, पोलीस नाही. ग्रामपंचायतींसाठीच्या २९ विषयांतही पोलीस नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहू महाराजांनी उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा आग विझवायला महापालिकेचे बंब धावले. बंदोबस्ताला आलेले पोलीस राज्याचे होते. एकाच चौकात दोन गणवेश आणि दोन वेगळ्या तिजोऱ्या.

२७/
यात केवळ तोटाच आहे असे मानणे चूक ठरेल. दूरच्या तिजोरीतून पगार घेणारा शिपाई गावातील बलदंडाच्या खळ्यावरील धान्यावर अवलंबून नसतो. जातीच्या वेठीतून राखणदाराची सुटका पगारामुळेच झाली. पण दूरच्या तिजोरीबरोबर दूरचा हुकूमही येतो. त्यामुळेच २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्य सुरक्षा आयोग, किमान कार्यकाळ आणि तक्रार प्राधिकरण यांविषयी आदेश द्यावे लागले. महाराष्ट्राने त्यानुसार २०१४ मध्ये कायद्यात बदल केले. त्यांची अंमलबजावणी हा आजही चर्चेचा विषय आहे.

२८/
गावाने पोसलेला राखणदार गावाला जबाब देत होता, पण तो स्वतः मुक्त नव्हता. सरकारने पोसलेला राखणदार मुक्त झाला, पण त्याचा जबाब गावापासून दूर गेला. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये पहिला अर्धा प्रश्न सोडवला. राखणदाराला माणूस म्हणून मोकळे केले. पगार राज्याचा आणि जबाब लोकांना, हा दुसरा अर्धा भाग लोकशाहीने सोडवायचा होता. तो अद्याप बाकी आहे.

२९/
सामानगडाचे दरवाजे बंद झाले त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. गडावर आता शिबंदी नाही आणि गडकऱ्यांच्या जमिनी केव्हाच सातबाऱ्यावर गेल्या. पायथ्याच्या गावांत पोलीस पाटील आहेत. त्यांची नेमणूक प्रांत कचेरीतून होते, मानधन राज्याकडून येते. रात्री-अपरात्री काही घडले तर माणसे मात्र आजही आधी त्यांच्याच दाराची कडी वाजवतात.

(समाप्त)